डाव्या बाजूची मोहोर

ओरेन शॅफर आपल्या गॅरंड रायफलीचा दस्ता घासत होता, तेव्हा मी त्याच्या गॅरेजच्या दारात उभी होते. हातात त्याच्या बायकोच्या, इर्माच्या, रिकाम्या बरण्या होत्या, बिटाच्या लोणच्याच्या. त्या परत करायला म्हणून गेले होते. आतून मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं, एखादं दार-बिर घासत असेल.

"काय पेटीवाली," तो म्हणाला. "ये, ये. बघ कसं झालंय."

मी सव्वीस वर्षं शवपेट्यांच्या कारखान्यात लाकडाला पॉलिश केलं, म्हणून पेटीवाली. नाव त्यानंच ठेवलेलं. तो चौतीस वर्षं पोलाद कारखान्याच्या टूलरूममध्ये होता, कारखाना बंद पडेपर्यंत. माझा नवरा स्टॅन गेल्यावर मी त्याची एक जुनी रायफल विकायला अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या बंदुकांच्या बाजारात नेली होती. तिथं ओरेननं ती हातात घेतली, दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे लाकूड कोणी केलं?" मी म्हटलं, मी. त्यानंतर बावीस वर्षं आम्ही एकाच टेबलामागं बसलो. लष्करानं मोडीत काढलेल्या जुन्या रायफली आमच्याकडे यायच्या. त्यांचं लोखंड तो बघायचा, लाकूड मी.

या कामात एक गोष्ट अगदी पहिल्या दिवशी शिकवतात. जुनं लाकूड घासायचं नाही. ग्रीस काढा, मळ काढा. पोचा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवा, वाफेनं लाकूड आपोआप वर येतं. पण पॉलिश पेपर लावायचा नाही. लाकडावर सैनिकांचे ओरखडे असतात, तपासनिसांच्या मोहोरा असतात. एकदा त्या गेल्या की गेल्या. नवशिक्यांना हे ओरेनच सांगायचा. टेबलापाशी कोणी घासलेला दस्ता घेऊन आला तर तो हातही लावायचा नाही. "हा घेऊन जा आणि घरी भिंतीला टांग," म्हणायचा.

गॅरंड ही त्याची सगळ्यात लाडकी. त्रेचाळीस सालची, महायुद्धातली, अमेरिकी सैन्याची. डाव्या बाजूला तपासनिसाची मोहोर, चौकटीत अक्षरं, इतकी ठसठशीत की कालच मारल्यासारखी. अशी मिळावी म्हणून तो अकरा वर्षं हिंडला होता. कोणी आलं की टॉर्च तिरका धरून दाखवायचा.

मी बरण्या खाली ठेवल्या आणि दस्ता हातात घेतला. डावी बाजू गुळगुळीत होती. कारखान्यात आम्ही पेटीची झाकणं करायचो तशी.

"नवा कोरा दिसतोय की नाही?" ओरेन म्हणाला. त्याच्या भुवयांवर भुसा बसला होता आणि तो खुशीत होता.

"छान झालाय," मी म्हणाले.

"तेल तू लाव. ते तुझं काम."

मी दस्ता घरी नेला, अक्रोडाचं लाकूड होतं, जवसाच्या तेलाचे चार हात दिले आणि आठ दिवसांनी परत नेऊन दिला. कोणाला काही बोलले नाही. बोलून काय करायचं, हेच कळत नव्हतं.

मार्चमध्ये इर्मा माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात बसली, कोट काढला नाही.

"डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "मला आधीच माहीत होतं."

"काय म्हणाले?"

"गाडी बंद. आणि बंदुका घरातून हलवा म्हणाले. काडतुसं माझा भाऊ घेऊन गेलाय. पण परवा सकाळी मी खाली आले, तर हा टेबलाशी बसलेला, मांडीवर त्यातलीच एक. मला म्हणाला, बाई, तुम्हाला कोण हवंय? अगदी नम्रपणे विचारलं गं. मी काही घाबरले नाही." मग थांबून म्हणाली, "घाबरले."

मी कॉफी ओतली. तिनं कपाला हात लावला नाही.

"तू मागितल्यास तर देईल," ती म्हणाली. "मी मागितल्या तर नाही. बेचाळीस वर्षं त्या बंदुकांवरची धूळ पुसतेय, पण मला त्यातलं काही कळत नाही असं त्याचं ठाम मत आहे."

"कळतं का?"

"नाही," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी जराशा हसलो.

एकूण एकतीस रायफली होत्या. दर शनिवारी मी जायची आणि एखादीत काहीतरी खोट काढायची. हिचा दस्ता सुकलाय, हिला मागं चीर दिसतेय, हिचं तेल काळं पडलंय. ओरेन चष्मा लावून बघायचा, मान डोलवायचा आणि जाड पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहायचा, काय करायचं ते. चिठ्ठी सुतळीनं चापाशेजारी बांधायचा. पहिल्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर टूलरूमच्या नकाशावर असतं तसं, सरळ आणि उभं. जूनपर्यंत ते उतरायला लागलं. एका चिठ्ठीवर फक्त "लाकूड" एवढंच होतं.

"सगळ्यांनाच एकदम कशी गं दुखणी आली?" एकदा त्यानं विचारलं.

"हिवाळा कडक होता ना यंदा."

"हो," तो म्हणाला. "हिवाळ्यात लाकूड ताण खातं." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

ऑगस्टपर्यंत सगळ्या माझ्या तळघरात आल्या. चौदा पायऱ्या आहेत. मी एकोणसत्तर वर्षांची होते आणि माझ्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे गेलेले. वाटलं होतं, आणून कपाटात ठेवायच्या, कुलूप लावायचं, संपलं. पण तसं झालं नाही, कारण ओरेन फोन करायचा.

"त्या स्विस रायफलीचं कुठवर आलं?"

काय सांगणार? खोटं सांगायचं तर तो असं काही बारीक विचारायचा की पकडली जायची. खालच्या टोकाला ओल लागलीय ती कुठवर गेलीय? तेल पांढरट पडतंय का? मग मी खरंच काम करायला लागले. चिठ्ठीवर असेल ते सगळं. उन्हाळाभर मी तळघरात ओली फडकी आणि इस्त्री घेऊन उभी. ज्यांना कोणी पुन्हा हात लावणार नव्हतं, त्या रायफली मी एकेक करून नीट केल्या.

फोन आधी दिवसातून एकदा यायचा. मग चारदा, मग सातदा. तेच प्रश्न, तीच रायफल. सप्टेंबरमध्ये एके दिवशी मी कपडे वाळत घालत होते आणि फोन वाजला. त्या दिवशीचा पाचवा.

"स्विस रायफलीचं कुठवर आलं?"

"झालीय रे ती," मी म्हणाले. "मे महिन्यातच झालीय. सगळ्या झाल्यात. एकतीसच्या एकतीस."

मग म्हणाला, "मग आणून का देत नाहीस?"

मी फोन ठेवला. ठेवायला नको होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दारात. दोन मैल चालत आला होता. अंगात इर्माचा रेनकोट, फुलाफुलांचा, बाह्या कोपरापर्यंत चढलेल्या.

"माझी एनफील्ड दे," तो म्हणाला.

ती त्याची पहिली रायफल. तो पंधरा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी हार्डवेअरच्या दुकानातल्या पिंपातून उचलून घेऊन दिलेली. पिंपात छत्र्या ठेवाव्यात तशा ठेवलेल्या असायच्या म्हणे.

"ती खोललीय," मी म्हणाले. ते खरंच होतं, लोखंड कपाटात आणि लाकूड बाकावर. "लाकडाला तेल लावायचंय अजून."

"मग लाव की."

"माझे अंगठे दुखतायत. तू लावतोस?"

तो हसला. "मी? लाकडाला?" पण माझ्यामागं तळघरात उतरला आणि रेनकोट काढून बसला. मी वाटीत तेल ओतलं, जुन्या बनियनचा तुकडा दिला. तो तेल लावत बसला, न बोलता, पावणेदोन तास. मी वरून इर्माला फोन केला. ती त्याला शोधत गाडी घेऊन नदीपर्यंत जाऊन आली होती. फोनवर ती नुसती श्वास घेत होती.

मग ठरूनच गेलं. मंगळवारी आणि गुरुवारी इर्मा त्याला माझ्याकडे सोडायची आणि बाजारहाट करायची, केस कापून घ्यायची, कधी नुसती घरी जाऊन झोपायची. ओरेन एनफील्डच्या लाकडाला तेल लावायचा. फार लावायचा. जवसाचं तेल जास्त झालं की चिकट होतं, मधासारखं. तो गेला की मी टर्पेंटाइननं सगळं पुसून काढायची, लाकूड कोरडं करायची आणि परत बाकावर ठेवायची. पुढच्या खेपेला तो यायचा आणि म्हणायचा, "अरेरे, किती कोरडं पडलंय हे. कोणी बघत नाही वाटतं याच्याकडे."

"नाही बघत कोणी."

"तेल आहे का तुझ्याकडे?"

एकदा त्यानं लाकूड नाकाशी नेलं. "याला टर्पेंटाइनचा वास येतोय. कोणीतरी तेल काढतंय यातलं."

"कोण काढेल?"

"असतात माणसं," तो म्हणाला. "कळत नाही त्यांना. बिचारी."

काही दिवस बरे जायचे. तो पिंपातल्या रायफलींबद्दल सांगायचा. टूलरूमचा फोरमन कसा टाय न काढता लेथवर वाकायचा आणि एक दिवस टाय अर्धाच उरला, ते सांगायचा. मी ते चाळीसदा ऐकलं. पहिले तीसदा हसले. गुरुवारी चार वाजले की मला खुर्चीतून उठता यायचं नाही. एकदा मी इर्माला फोन करून म्हटलं, "या गुरुवारी नको आणूस, मी फार थकलेय."

"तुझे दोनच दिवस असतात, लिडा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"आण गुरुवारी," मी म्हणाले.

असं ते वर्ष आणि पुढचा हिवाळा गेला. मार्चअखेर ओरेन न्हाणीघरात पडला, त्याचं खुब्याचं हाड वाचलं, पण इर्माला त्याला उचलता येईना. टेकडीवरच्या वृद्धसेवा केंद्रात मेअखेर खोली मिळणार होती. घर विकायचं ठरलं, आणि रायफलीही. ओहायोमधला वेंडेल प्रुइट नावाचा व्यापारी त्या घेणार होता. आम्ही त्याला वीस वर्षं ओळखत होतो. चांगला माणूस. काही लपवायचा नाही आणि दुसऱ्यानं लपवलेलं त्याच्या नजरेतून सुटायचं नाही.

तो आला त्या दिवशी इर्माला ओरेनपाशी बसायला कोणी मिळालं नाही, म्हणून ती त्याला बरोबर घेऊन आली. पायऱ्या उतरवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. मी एकतीसच्या एकतीस बाकांवर मांडून ठेवल्या होत्या. आदल्या आठवड्यात एनफील्डही जोडली होती. ओरेन स्टुलावर बसला आणि सगळीकडे बघून म्हणाला, "चांगला साठा आहे. कोणाच्या आहेत या?"

"तुझ्याच," इर्मा म्हणाली.

"असं का?" त्याला बरं वाटलं.

वेंडेल एकेक उचलून बघत होता आणि ओरेन मधूनमधून बोलत होता. नवल म्हणजे बरोबर बोलत होता. स्विस रायफलीचं साल त्यानं न बघता सांगितलं. फिनलंडच्या रायफलीची नळी कधी बदलली तेही सांगितलं. इर्मा माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली. एवढं सगळं डोक्यात आहे आणि बायकोचं नाव नाही.

मग वेंडेलनं गॅरंड उचलली. डावी बाजू वर केली, खिशातला टॉर्च काढला, तिरका धरला. टॉर्च बंद केला. पुन्हा लावला.

"लिडा," तो हळू आवाजात म्हणाला, "हे कोणी केलं?"

ओरेन उठला. कोणाचा हात न धरता उठला, आला आणि त्यानं दस्त्यावर अंगठा ठेवला. मोहोर होती बरोब्बर तिथंच ठेवला आणि मागंपुढं फिरवला.

"इथं मोहोर होती," तो म्हणाला.

"होती," वेंडेल म्हणाला. "मी स्वतः पाहिलीय."

"कोणी घासलं हे?" हा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. टेबलापाशी आलेल्या माणसांना तो याच आवाजात घालवून द्यायचा. त्यानं आमच्या तिघांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. इर्मा पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"मी," मी म्हणाले.

"तू?"

"हो. चुकलं माझं."

"अकरा वर्षं शोधली मी ही," ओरेन म्हणाला. "तुझ्या हातात मी लाकूड डोळे मिटून द्यायचो, लिडा. डोळे मिटून. आणि तू पेटीचं झाकण करून टाकलंस याचं."

पेटीवाली म्हणाला नाही, लिडा म्हणाला. वेंडेल खोकला. मग पुढची रायफल उचलली. गॅरंडचे त्यानं फार कमी लावले, लाकूड बदलूनच विकावी लागेल म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. दुपारी दोन वाजता त्याची व्हॅन गेली. तळघर एकदम मोठं दिसायला लागलं.

वेंडेलनं मुद्दाम कुठं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण आमच्या कामात असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. जूनच्या बाजारात मी टेबल मांडलं, तर ज्या दोघांनी दस्ते आणायचं कबूल केलं होतं ते रिकाम्या हातांनी आले. गरम डोनट खात माझ्यापाशी उभे राहिले, हवापाण्याचं बोलले. एक जण जाताना म्हणाला, "वय झालं की होतं असं, लिडा. मनाला लावून घेऊ नकोस." मी आणखी दोन बाजार केले आणि टेबल सोडून दिलं. वाईट वाटलं. बावीस वर्षांत एकही मोहोर माझ्या हातून गेली नव्हती, आणि ते आता कोणाला पटवून देण्यासारखं नव्हतं. पण खरं सांगायचं तर शनिवारी सकाळी पाचला उठून गाडी भरायची नाही, याचं बरंही वाटलं.

इर्मा आता एका लहान भाड्याच्या घरात राहते, माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. तिच्याकडे कोबी घातलेल्या शेवया खायला गेले होते, तेव्हा ताट पुढं सरकवत ती म्हणाली, "तो गॅरेजमध्ये घासत होता त्या दिवशी घरभर भुसा होता. मीच झाडला. पडद्यांवरसुद्धा होता."

"मग बोलली का नाहीस तळघरात?"

"बोलणार होते," ती म्हणाली. "तू आधी बोललीस."

शेवयांत मीठ कमी होतं, ते मी सांगितलं.

मंगळवारी मी केंद्रात जाते. सवयच झालीय. ओरेन बहुतेक दिवस इर्माला ओळखत नाही. तिला "बाई" म्हणतो, खुर्ची देतो. मला मात्र तो ओळखतो. दारातून आत पाऊल टाकलं की खोलीत असेल त्या परिचारिकेला सांगतो, "हिच्या हातात लाकूड देऊ नका. माझी मोहोर हिनंच घालवली." परिचारिका नवी असेल तर विचारते, मोहोर म्हणजे काय. मग तो सगळं नीट सांगतो. चौकट, अक्षरं, साल, अकरा वर्षं. त्याच्यापाशी एवढंच अखंड उरलंय.

गेल्या महिन्यात मला राहवलं नाही. रात्री झोप झाली नव्हती, हात दुखत होते. तो पुन्हा तेच म्हणाला आणि मी म्हटलं, "ओरेन, ते तूच घासलंस. गॅरेजमध्ये. मशीननं. मी दारात उभी होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपले हात उचलून समोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. त्याचा चेहरा असा झाला की मी खुर्चीतून उठलेच.

"मी?" तो म्हणाला. "मी असं केलं?"

"नाही, नाही," मी म्हणाले. "गंमत केली रे. मीच केलं. मीच घासलं."

"तूच?"

"मीच."

त्यानं हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळानं त्याच्या कपाळावर आठी आली आणि तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मला वाटलंच." नंतर पुडिंग आलं. मी त्याला भरवलं. तो माझ्याकडे न बघता खात होता, पण सगळं खाल्लं.

बाहेर येऊन गाडीत बसले. दोन वाजले होते, ऊन होतं. जरा डोकं टेकावं म्हणून मागं रेलले. जाग आली तेव्हा पावणेचार झाले होते आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या वेगळ्या होत्या. मान अवघडली होती. इर्मानं राईचा ब्रेड आणायला सांगितला होता. तो घेतला आणि घरी आले.